शेकोटीभोवतीचं रिंगण

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हिटबी नावाचं गाव आहे. सातव्या शतकात तिथल्या मठाच्या आश्रयाला केडमन नावाचा एक उतारवयाचा गुराखी होता. जेवणावळीच्या रात्री हार्प हातोहात फिरायची आणि ती ज्याच्यापाशी येईल त्यानं गायचं, असा रिवाज होता. केडमनला गाता येत नसे. हार्प आपल्या दिशेनं सरकताना दिसली की तो पानावरून उठे आणि निघून जाई. अशाच एका रात्री तो गोठ्यात जाऊन झोपला. स्वप्नात कुणीतरी त्याला नावानं हाक मारून गायला सांगितलं आणि तो सृष्टीच्या आरंभाविषयी गायला. बीड या भिक्षू इतिहासकारानं ७३१ साली पुऱ्या केलेल्या ग्रंथात ही हकिकत नोंदवली आहे. केडमनच्या म्हणून टिकलेल्या नऊ ओळी आज इंग्रजी कवितेच्या आरंभाशी ठेवल्या जातात.

लोकांच्या लक्षात राहतं ते स्वप्न. मला मात्र स्वप्नाच्या आधीचा भाग जास्त मोलाचा वाटतो. गुराख्यांच्या पंगतीतसुद्धा हार्प फिरत होती. गाणारे वेगळे आणि ऐकणारे वेगळे, अशी वाटणी तिथे नव्हती. आणि ज्याला गाता येत नाही त्याच्यापुढे उठून जाण्यावाचून मार्ग नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच रिवाजातून येतात. अमेरिकेतल्या काही हौशी माणसांनी गेल्या सहा दशकांत यातली पहिली गोष्ट परत मिळवली आणि दुसरीवर उपाय काढला. हा लेख त्यांच्याविषयी आहे.

१ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये डायना पॅक्सन या तरुणीच्या घरामागच्या अंगणात एक समारंभ झाला. पुढे कादंबरीकार म्हणून नाव मिळवलेल्या पॅक्सन तेव्हा मध्ययुगीन वाङ्मयाच्या अभ्यासक होत्या. मित्रमंडळी सरदारांचे आणि राजस्त्रियांचे पोशाख करून आली, ढाल-तलवारीच्या लुटुपुटूच्या लढती झाल्या, आणि शेवटी सगळे जण विसाव्या शतकाचा निषेध करत टेलिग्राफ अॅव्हेन्यूवरून मिरवत गेले. पुढचा कार्यक्रम सार्वजनिक बागेत करायचा ठरला. परवानगीच्या अर्जावर संस्थेचं नाव हवं होतं, ते मॅरियन झिमर ब्रॅडली या लेखिकेनं सुचवलं: सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अॅनॅक्रॉनिझम. दोन वर्षांनी संस्थेची रीतसर नोंदणी झाली. आज उत्तर अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असा तिचा पसारा आहे. त्याची वीस ‘राज्यं’ पाडलेली आहेत, आणि प्रत्येक राज्याचा राजा द्वंद्वयुद्धाच्या स्पर्धेतून ठरतो. संस्थेचा काळ म्हणजे सतराव्या शतकाच्या आधीचं जग. सभासद त्या काळातलं एखादं व्यक्तिमत्त्व घेतो, त्याचं नाव, त्याचा पोशाख, त्याचं खाणंपिणं अभ्यासतो आणि शनिवार-रविवारी ते अंगावर घेतो.

या सोसायटीचा सर्वांत मोठा मेळावा म्हणजे पेन्सिक युद्ध. पेनसिल्व्हेनियात स्लिपरी रॉक गावाजवळ कूपर्स लेक नावाचा तळ आहे. जुलैच्या अखेरीपासून दोन आठवडे तिथे सुमारे दहा हजार माणसं तंबू ठोकून राहतात. पहिलं युद्ध १९७२ साली झालं. ईस्ट आणि मिडल या दोन राज्यांच्या फौजा पोलादी चिलखतं चढवून, वेताच्या तलवारी घेऊन पुलासाठी आणि रानासाठी भिडतात. सकाळी विणकामापासून स्वयंपाकापर्यंत शेकडो विषयांचे वर्ग चालतात. छायाचित्रं काढली जातात ती लढायांची. माझा विषय त्या संपल्यावर सुरू होतो.

अंधार पडला की तळावर डोळ्यांपेक्षा कानांना काम अधिक. उजेड कंदिलांचा, मशालींचा, मेणबत्त्यांचा. एका बाजूनं ढोलांचा ठेका येतो, दुसरीकडून हशा, तिसरीकडून पन्नास-साठ कंठांनी उचललेलं पालुपद. माणसं आवाजाच्या मागानं चालत जातात. एखाद्या छावणीत शेकोटीभोवती बाकं आणि लाकडी घडीच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. यजमान रिकामी जागा दाखवतो, पेल्यात काहीतरी ओततो. आमंत्रण म्हणजे एवढंच. याला तिथे ‘बार्डिक सर्कल’ म्हणतात. बार्ड म्हणजे केल्टिक मुलखातला भाट, राजाच्या पदरी राहून त्याचे पराक्रम गाणारा. पण या रिंगणात राजाही बसलेला असतो आणि त्याच्या शेजारी चिलखताचे पट्टे दुरुस्त करणारा मुलगाही असतो. पाळी दोघांवर सारखीच येते.

पाळीची रीत साधी आहे. ती डावीकडून उजवीकडे फिरते. काही ठिकाणी एखादी काठी किंवा पेला खूण म्हणून हातोहात जातो. आपल्यापाशी आली की तीन गोष्टींपैकी एक करायची: स्वतः गायचं किंवा गोष्ट सांगायची, रिंगणातल्या दुसऱ्या कुणाला फर्माईश करायची, नाहीतर पाळी पुढे द्यायची. पुढे देणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. फर्माईश करणाऱ्याचाही मान गाणाऱ्याइतकाच असतो, कारण नेमक्या वेळी नेमकं गाणं मागणं हेही रिंगणाला काहीतरी देणंच आहे. केडमनला उठून जावं लागलं ते हा तिसरा पर्याय त्याच्यापुढे नव्हता म्हणून. इथे न गाणारा माणूस बसून राहू शकतो, उद्या परत येऊ शकतो, आणि आठवड्याच्या शेवटी धीर करून चार ओळी म्हणू शकतो. या सगळ्या प्रकारात मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

दुसरी रीत मोकळी असते. तिथे क्रम नाही. ज्याच्याजवळ काही आहे त्यानं आधीचं गाणं संपताच उभं राहायचं. समुद्रावरचं गाणं झालं की कुणी म्हणतो, याला जोडून माझ्याकडे एक आहे, आणि बुडालेल्या जहाजाची गोष्ट सुरू होते. त्यातून एखाद्या बुडालेल्या बायकोच्या भुताची, त्यातून विनोदी काहीतरी. रात्र चढेल तसे हे धागे फार सुंदर विणले जातात. पण मोकळ्या रीतीत मोठ्या आवाजाचे आणि चटकन उठणारे लोक जागा अडवतात, लाजरा माणूस रात्रभर ओठांवर गाणं घेऊन बसतो आणि तसाच झोपायला जातो. कोजागिरीला गच्चीवर जमलेल्या मंडळींत दोघे-तिघेच शेवटपर्यंत गात राहतात, तसंच. म्हणून माझं मत असं की नवखे हजर असतील तोवर पाळी फिरावी आणि मुरलेलेच उरले की मोकळं सोडावं. चांगले यजमान तेच करतात. शिवाय ते नजर ठेवून असतात: कोण पुढे वाकून बसलंय, कुणाचे ओठ शब्दांबरोबर हलताहेत, कुणी घसा खाकरला. अशा माणसाला योग्य क्षणी नुसतं नाव घेऊन विचारणं हे यजमानाचं खरं कसब आहे.

इथे ध्वनिक्षेपक नाही. लाकूड तडकतं, धूर दिशा बदलतो, पलीकडच्या छावणीत ढोल वाजत असतात. ढोलवाले आणि गाणारे यांची कुरबुर जुनीच आहे. तालाच्या मंडळात माणूस शब्दांशिवाय तासन्‌तास रंगतो, तर कथा सांगणाऱ्याला एक-एक शब्द पोचवायचा असतो. त्यामुळे रिंगणात गाणं ही अंगमेहनत असते. उभं राहून, हनुवटी उचलून, आगीच्या पलीकडे बसलेल्या माणसाकडे बघून गावं लागतं. पालुपद आधी शिकवून ठेवावं लागतं, कारण ज्यांना एकट्यानं गाता येत नाही त्यांचा वाटा त्या दोन ओळींत असतो. बत्तीस कडव्यांचा पोवाड्यासारखा लांब बॅलड घेऊन उठणाऱ्याला आपल्या आवाजाची आणि लोकांच्या झोपेची पक्की जाण हवी. मोबाइल बघून म्हणणं बरं दिसत नाही. पडद्याचा निळा उजेड तोंडावर पडला की सगळ्यांनी मिळून उभी केलेली रात्र मोडते. म्हणून लोक हातानं शिवलेल्या लहान वह्या बाळगतात, आणि पाठ करतात. एके काळी सर्वसामान्य माणसाला शे-दीडशे गाणी तोंडपाठ असणं ही विशेष गोष्ट नव्हती. ते सामर्थ्य या लोकांनी सरावानं परत कमावलं आहे.

गाणी कुठली? वादाची जागा इथे आहे, आणि हा वाद मला फार महत्त्वाचा वाटतो. सोसायटीची काळाची रेघ स्पष्ट आहे, पण शेकोटीभोवती जे गायलं जातं त्यातलं पुष्कळसं त्या रेघेच्या अलीकडचं असतं. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या हार्वर्डच्या प्राध्यापकानं इंग्लंड-स्कॉटलंडचे ३०५ बॅलड गोळा करून १८८२ ते १८९८ या काळात छापले. त्यांत किल्ले आहेत, सरदार आहेत, जादूगारणी आहेत, म्हणून ते मध्ययुगीन वाटतात. प्रत्यक्षात त्यांतल्या बहुतेकांचे हाती लागलेले पाठ सतराव्या-अठराव्या शतकातले किंवा त्याहून अलीकडचे आहेत. खलाशांची दोर ओढतानाची गाणी एकोणिसाव्या शतकातली. आयरिश बंडाची गाणीही उशिराचीच. काटेकोर लोकांना हे खटकतं आणि त्यांचं चुकत नाही. पायातल्या जोड्याची शिवण चौदाव्या शतकातली असावी म्हणून महिनाभर धडपडणारा माणूस गळ्यातून मात्र व्हिक्टोरियाच्या काळातलं गाणं काढतो, ही विसंगती आहेच.

पण दुसऱ्या बाजूची अडचणही खरी आहे. रेघेच्या आतलं संगीत भरपूर आहे. कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याच्या दरबारी तेराव्या शतकात संकलित झालेली मेरीमातेची चारशेहून अधिक गीतं स्वरलिपीसह मिळतात. स्पेनमधल्या मोन्सेरात मठाच्या चौदाव्या शतकाअखेरच्या हस्तलिखितात दहा गाणी आहेत. ती का लिहिली याचं कारणही तिथे नोंदलेलं आहे: देवळात रात्री जागरण करणाऱ्या यात्रेकरूंना गावं-नाचावंसं वाटतं, तेव्हा त्यांच्यासाठी शोभेलशी गाणी असावीत. रात्रीच्या जमावानं गाण्यासाठी मुद्दाम केलेली ही मध्ययुगातली गाणी! पण ती लॅटिन किंवा कातालानमध्ये आहेत, अल्फोन्सोची गीतं गॅलिशियन-पोर्तुगीजमध्ये आहेत, आणि ओहायोहून आलेल्या सुताराला त्यातलं अक्षर कळत नाही. गाणाऱ्यानं दोन वाक्यांत अर्थ सांगितला, चाल पकडायला लावली, तर रिंगण ते उचलतं. तेवढे कष्ट न घेता कुणी आपली विद्वत्ता ऐकवत बसला तर माणसं एक-एक करून दुसऱ्या शेकोटीकडे निघून जातात. थॉमस रेव्हन्सक्रॉफ्टनं १६०९ साली छापलेली फेरगाणी, म्हणजे एकामागून एक गटानं तीच ओळ उचलायची गाणी, रेघेच्या नऊ वर्षं अलीकडची आहेत. तरी काटेकोर लोकही ती मनापासून गातात, कारण ती छापली गेली तेव्हाच पुष्कळ जुनी असावीत आणि पाच मिनिटांत अनोळखी वीस जणांना शिकवता येतात.

या पेचातून निघालेली तिसरी वाट मला सर्वांत सकस वाटते. जुन्या चालीवर नवे शब्द बसवायचे, किंवा जुन्या वृत्तात नवं गीत रचायचं. मध्ययुगात हेच चालत असे. लौकिक चालीवर भक्तिगीत आणि भक्तिगीताच्या चालीवर दारूचं गाणं, अशी देवघेव तेव्हा रोजची होती. सोसायटीतलं फार गाजलेलं गीत ‘साँग ऑफ द शील्ड वॉल’ याच वाटेवरचं आहे. शब्द डेब्रा डॉइल यांचे, चाल मेलिसा विल्यमसन यांची. विषय १०६६ सालची हेस्टिंग्जची लढाई, आणि बोलणारे आहेत राजाभोवती ढालींची भिंत करून उभे राहिलेले सॅक्सन लढवय्ये. डॉइल यांचा जुन्या इंग्रजी कवितेचा अभ्यास होता. ओळीतल्या शब्दांची आद्य व्यंजनं जुळवण्याची ती प्राचीन रीत त्यांनी आजच्या इंग्रजीत खेळवली. त्यामुळे पुस्तकात न वाचलेलं छंदशास्त्र हजारो लोकांच्या जिभेवर बसलं. ज्यानं दुपारी ढालींच्या भिंतीत खांदा लावून मार खाल्ला आहे, तो रात्री हे गीत म्हणतो तेव्हा त्याला त्यातला शब्दन्‌शब्द अंगातून कळलेला असतो. वर्गात बसून ही समज येत नाही.

गोष्टींचं जग आणखी वेगळं. त्यांतल्या निम्म्या सोसायटीच्याच असतात: अमुक पुलाच्या लढाईत कोण एकटा उभा राहिला, कोणत्या वर्षी वादळानं तंबू उडाले. ‘खरं सांगतो, मी तिथेच होतो’ अशा अर्थाचं एक ठरलेलं, जरा शिवराळ वाक्य आलं की ऐकणारे सरसावून बसतात. पेन्सिकच्या जन्माचीही कथा सांगतात. मिडलच्या एका राजानं ईस्टला युद्धाचं आव्हान पाठवलं. उत्तर आलं नाही. पुढे तोच गृहस्थ राहायला पूर्वेकडे गेला, ईस्टचा राजा झाला, आणि स्वतःच पाठवलेलं आव्हान त्यानं स्वतःच स्वीकारलं.

तो राजा म्हणजे डेव्हिड फ्रीडमन. नोबेल पारितोषिक मिळवलेले अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचे चिरंजीव, आणि स्वतःही अर्थशास्त्राचे नामवंत लेखक. सोसायटीत ते कॅरियाडॉक या नावानं वावरतात. त्यांचं घेतलेलं व्यक्तिमत्त्व सुमारे ११०० सालच्या मगरिब म्हणजे वायव्य आफ्रिकेतल्या एका बर्बर मुसलमानाचं आहे. शेकोटीविषयी त्यांचं एक ठाम म्हणणं आहे आणि ते त्यांनी पुष्कळदा लिहून मांडलं आहे: मध्ययुगाविषयी गोष्ट सांगू नये, मध्ययुगातल्या माणसानं सांगावी तशी गोष्ट सांगावी. ऐकणारेही त्याच काळातले आहेत असं धरून बोलावं. त्यासाठी पेन्सिकच्या तळावर त्यांनी एक छावणी राखली, जिथे पाऊल टाकलं की विसाव्या-एकविसाव्या शतकाचा उल्लेखच करायचा नाही.

फ्रीडमन ज्या ग्रंथांतून गोष्टी घेतात त्यांत दहाव्या शतकातला अरबी न्यायाधीश अल-तनूखी याचा संग्रह आहे. अल-तनूखी बगदाद-बसऱ्याच्या बैठकींतून वावरलेला. त्यानं हा संग्रह का केला, हे त्यानंच सांगून ठेवलं आहे. थोरामोठ्यांच्या बैठकीत ज्या गोष्टी तोंडी चालत होत्या त्या जाणणारे म्हातारे एकेक करून मरत होते आणि गोष्टी त्यांच्याबरोबर जात होत्या. बैठकीत ऐकलेलं पुस्तकात उतरलं, ते इंग्रजीत आलं, आणि हजार वर्षांनी पेनसिल्व्हेनियातल्या शेकोटीपाशी पुन्हा तोंडी झालं. हा प्रवास मला विलक्षण वाटतो. सोसायटीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की ही गोऱ्या अमेरिकनांची युरोपची हौस आहे. तो बराच खराही आहे. संस्थेचा केंद्रबिंदू युरोपच राहिला आहे, आणि तळावर फिरताना ते दिसतंच. पण तिचा सर्वांत मोठा मेळावा ज्याच्या आव्हानातून जन्मला तो माणूस अरबी गोष्टी सांगतो, हेही तितकंच खरं. आणि आता जपानी, मंगोल, तुर्की, क्वचित हिंदुस्थानी व्यक्तिमत्त्वंही त्या रिंगणांत बसलेली असतात.

अल-तनूखीची काळजी आता सोसायटीचीही झाली आहे. १९६६ च्या अंगणात तरुण असलेली पिढी आज ऐंशीच्या घरात आहे, आणि पुष्कळ जण गेले. त्यामुळे रिंगणांत गेलेल्यांची आठवण काढणारी गाणी वाढली. मृताच्या स्वतःच्या रचना त्याचे मित्र गातात, कुणाकडून शिकलो हे आधी सांगून गातात. गाण्याबरोबर गुरूचं नाव देण्याची ही पद्धत आपल्या घराण्यांत वाढलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल. २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे पेन्सिक भरलंच नाही. लोकांनी संगणकावर रिंगणं भरवली. एकेकट्याची पाळी तिथे निभावली, गोष्टी तर छान झाल्या. पालुपद मात्र होईना, कारण आवाज पोचायला लागणाऱ्या निमिषभराच्या उशिरानं सगळे एकमेकांच्या मागेपुढे पडत. एकत्र गायला एकाच हवेत बसावं लागतं, हे त्या दोन वर्षांत सगळ्यांना कळून चुकलं.

हे लोक भूतकाळाचं नाटक करतात असं म्हणून ज्यांना सोडून द्यावंसं वाटतं त्यांनी एवढं पाहावं. पैसे देऊन गाणं विकत घेण्याची सोय ज्यांच्या खिशात चोवीस तास आहे, अशी माणसं दिवसभर दमून रात्री दोन-दोनपर्यंत परक्याचं बेसूर गाणंही शांतपणे ऐकतात, आणि त्याचं पालुपद उचलतात. पोशाखाची शिवण चुकली असेल, गाणं तीनशे वर्षं अलीकडचं असेल. केडमनच्या पंगतीतला मूळ करार मात्र त्यांनी बिनचूक पाळला आहे.

आता अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी. स्लिपरी रॉक पिट्सबर्गच्या उत्तरेला साधारण ऐंशी किलोमीटरवर आहे. फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सीहून गाडीनं एका दिवसात पोचता येतं. एक अट अशी की सतराव्या शतकाच्या आधीचा म्हणता येईल असा पोशाख करण्याचा प्रामाणिक प्रयत्न हवा. काळाच्या रेघेचं म्हणाल, तर आपण अडखळावं असं काही नाही. तुकाराम त्या रेघेबाहेर राहतात, आणि अफझलखानवधाचा अगिनदासाचा पोवाडा तर १६५९ चा. पण नामदेव आणि जनाबाई आत आहेत. लीळाचरित्रातल्या छोट्या-छोट्या लीळा सांगायला जणू शेकोटीच हवी. महदंबेचे धवळे तेराव्या शतकाच्या अखेरचे, तेही एका बाईनं लग्नप्रसंगी गायलेले. आणि एकनाथ तर संपूर्ण सोळाव्या शतकातले. त्यांच्या भारुडांत जोशी आहे, वासुदेव आहे, विंचू चावलेली बाई आहे. सोंग घेऊन, लोकांकडून पालुपद म्हणवून घेत रात्री सादर करायची ही रचना आहे, म्हणजे या रिंगणाला जे हवं ते सगळं तिच्यात आहे. तेव्हा जा. पहिल्या रात्री पाळी पुढे द्या, कुणी काही म्हणणार नाही. दुसऱ्या रात्री दोन वाक्यांत अर्थ सांगा, पालुपद शिकवा, आणि नाथांचं भारूड उभं राहून म्हणा. सोसायटीच्या नियमात ते चोख बसतं.